स्कूबा डायव्हिंगचं ओपन वॉटर झालंय, बडी (पाण्यातला जोडीदार) ३० मीटरला चल म्हणतोय. जावं का? आणि बडीची जबाबदारी नक्की कुठपर्यंत?

डेक्कनकर:
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी अंदमानला हॅवलॉकमध्ये ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं, त्यानंतर नोकरी आणि घरच्या गडबडीत परत पाण्यात उतरणं झालंच नाही. आता जानेवारीत जायचं ठरतंय. सोबत ऑफिसमधला मित्र आहे, त्याचा ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स झालाय, थायलंड, नेत्राणी असं फिरून आलाय, आणि त्याला डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या दोन जागा करायच्याच आहेत. माझी मर्यादा १८ मीटर, तिकडे खोली त्याच्या बरीच पुढे जाते. मी तसं बोललो तर तो म्हणतो की अरे कार्डावरचा आकडा असतो तो, मी आहे ना बडी, मी सांभाळतो तुला. डाइव्ह शॉपला फोन केला तर त्यांनी हो पण नाही आणि नाही पण नाही, म्हणाले आधी एक-दोन डाइव्ह बघू, कम्फर्टेबल वाटलात तर नेऊ.

दुसरा प्रश्न उलट बाजूचा आहे. मी त्याचा बडी म्हणजे त्याला खाली काही झालं तर ती जबाबदारी माझी ना? बायकोने अगदी सरळ विचारलं, त्याला काही झालं तर तू वर आणू शकशील का? मला कोर्समध्ये जेवढं शिकवलं तेवढंच येतं.

आणि अजून एक, त्याचा मावसभाऊ पण येतोय. त्याने मालवणला स्कूबा केलेलं आहे, तो आपण तिघे एकत्र उतरू म्हणतोय. हे चालतं का?

खारं_पाणी:
डेक्कनकर, प्रश्न वेळेवर विचारलात, बोटीवर गेल्यावर विचारून उपयोग नसतो. मी हॅवलॉकला काही सीझन शिकवत होतो, आता रत्नागिरीला असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुमचा मित्र "मी सांभाळतो" म्हणतोय ते मनापासून म्हणत असेल, पण मग त्याचा बडी कोण? तो तुम्हाला सांभाळणार, तुमचा गेज (टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा) बघणार, तुमची बॉयन्सी (पाण्यात तरंगण्याचा तोल) बघणार, आणि त्याच्या तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) बिघडला तर तो कुणाकडे वळणार? तुमच्याकडे. तुम्ही त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा ३० मीटरवर, करंटमध्ये (पाण्याच्या प्रवाहात), स्वतःच घाबरलेले. म्हणजे कागदावर दोघं, पण पाण्यात तो एकटाच आणि वर तुमचं ओझं. दोघांची जोडी तेव्हाच जोडी असते जेव्हा दोघंही त्या खोलीवर एकमेकांच्या कामाचे असतात. म्हणून ज्याचं ट्रेनिंग कमी त्याची मर्यादा तीच जोडीची मर्यादा. आपल्याकडे ट्रेकला ग्रुप मागच्याच्या चालीने चालतो तसंच, फक्त इथे दम लागला म्हणून दगडावर बसता येत नाही.

आणि ॲडव्हान्स्ड या शब्दाला फार भुलू नका. ओपन वॉटरच्या ४ डाइव्ह आणि ॲडव्हान्स्डच्या ५, म्हणजे एकूण ९ डाइव्हमध्ये ते कार्ड हातात येऊ शकतं. त्यात दुसऱ्याला वाचवायचं शिकवत नाहीत, त्यासाठी रेस्क्यू डायव्हर हा वेगळा कोर्स आहे. तुमचा मित्र अनुभवी असेलही, पण त्याने रेस्क्यू केलंय का ते विचारा.

आता १८ आणि ३० मध्ये फरक काय ते आकड्यात सांगतो कारण "थोडंसंच तर खाली" असं सगळ्यांना वाटतं. दर १० मीटरला १ बार दाब वाढतो. वर १ बार, १८ मीटरवर २.८, ३० मीटरवर ४ बार. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस ३० मीटरवर ८० लिटर घेतो. अंदमानात बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची टाकी असते, साधारण ११ लिटरची, २०० बार भरली की २२०० लिटर हवा. आता असं धरा की ३० मीटरवर मित्राची हवा संपली आणि त्याने तुमचा पिवळा ऑक्टोपस (जादाचा रेग्युलेटर) घेतला. घाबरलेली माणसं जोरात श्वास घेतात, दोघांचे ३०-३० लिटर धरू. खाली पकडापकडी, खाणाखुणा, एकमेकांचा बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) धरणं यात एक मिनिट गेलं, २४० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला तीन-साडेतीन मिनिटं, सरासरी दाब अडीच बार, ५०० लिटर. म्हणजे सेफ्टी स्टॉप (वर येताना मध्ये थांबणं) सोडून दिला तरी ७४० लिटर, तुमच्या टाकीतले जवळपास ६७ बार. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलात तर ९० च्या पुढे. आणि कोर्समध्ये तुम्हाला काय शिकवलं? ५० बार राखून वर या. ते १८ मीटर आणि त्याच्या आतल्या डाइव्हसाठी ठीक आहे, कारण १८ वरून हेच गणित मांडलं तर स्टॉपशिवाय ३६-३७ बारमध्ये दोघं वर येतात. ३० वरून ५० बारमध्ये दोघं येत नाहीत. हा हिशोब तुमच्या मित्राने कधी मांडलाय का बघा, नसेल मांडला तर त्याने कुणालाच सांभाळायचं वचन देऊ नये.

वेळेचंही तसंच. पॅडी या ट्रेनिंग एजन्सीच्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटांची नो डिकॉम्प्रेशन मर्यादा (तेवढा वेळ खाली राहून थेट वर येता येतं) आहे, ३० मीटरला २० मिनिटं. डाइव्ह कॉम्प्युटर याहून थोडं वेगळं दाखवेल पण अंदाज येतो. चूक दुरुस्त करायला जो वेळ लागतो तोच खाली कमी असतो.

शिवाय ३० च्या आसपास नायट्रोजनची गुंगी यायला लागते. कुणाला जास्त कुणाला कमी, त्याच माणसाला आज नाही उद्या येते. गेज बघितला तरी आकडा डोक्यात शिरत नाही, त्याच त्या गोष्टीकडे बघत बसतो माणूस. आणि जो सांभाळणार तो पण त्याच खोलीवर असतो, त्याच गुंगीत.

शॉपबद्दल: "बघू" हे उत्तर मला आवडत नाही. एक-दोन उथळ डाइव्हमध्ये तुमची बॉयन्सी कळते, तुम्ही ३० मीटरवर घाबरल्यावर काय करता ते कळत नाही.

नेत्राणी_फॅन:
खारं_पाणी दादांचा आदर आहे पण मला वाटतं नवीन माणसाला इतकं घाबरवायला नको. १८ मीटर ही काही भिंत नाही, १९ ला गेलं म्हणून कुणी मरत नाही, आणि पाण्याखाली कुणी पोलीस उभा नाही. गाइड सोबत असतो, तो रोज तिथे उतरतो, त्याला करंट माहीत असतो. मी अशी कितीतरी ओपन वॉटरवाली माणसं बघितली आहेत जी गाइडसोबत २२-२४ ला जाऊन आनंदात परत आली. उलट मर्यादा मर्यादा करून माणसं स्वतःवरचा विश्वास घालवतात आणि मग खरी पॅनिक होतात.

पण एक मात्र सांगतो, डेक्कनकर, तुमच्या प्रश्नाला सोपं उत्तर आहे. तिथेच ॲडव्हान्स्ड करून टाका! त्याला वेगळा अनुभव लागत नाही, ओपन वॉटर झालं की नाव देता येतं, दोन-तीन दिवसांत होतं, त्यात डीप आणि नेव्हिगेशन या दोन डाइव्ह सक्तीच्या असतात आणि बाकीच्या तीन तुमच्या आवडीच्या. डीप डाइव्हला इन्स्ट्रक्टर शिकवायला सोबत असतो, ती शिकण्याची डाइव्ह असते, त्यामुळे तुम्ही ३० पर्यंत रीतसर जाता. मित्राची हौस पण फिटेल.

खारं_पाणी:
नेत्राणी_फॅन, दुसऱ्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत, मी तेच लिहिणार होतो. पहिल्याशी नाही. गाइड आणि इन्स्ट्रक्टर यात फरक आहे. फन डाइव्हला (कोर्स नसलेल्या, नुसत्या मजेच्या डाइव्हला) गाइडमागे चार जण असतात, तो पुढे असतो, वाट दाखवतो, मासे दाखवतो, मागे वळून हवा विचारतो. चौघांपैकी एकाचा मास्क निघाला की तो त्याच्याकडे गेला, बाकी तिघं त्या वेळी फक्त एकमेकांच्या भरवशावर. गाइड हा तुमचा बडी नसतो. ३० मीटरवर चौघांपैकी दोघं पहिल्यांदाच आलेले असतील तर त्या गाइडवर पण आपण अन्याय करतो, तो बिचारा नाही म्हणू शकत नाही कारण पैसे भरलेले असतात.

आणि जी माणसं २४ ला जाऊन आनंदात परत आली त्यांचं काहीच बिघडलं नाही म्हणून ती परत आली. मर्यादा ही काहीतरी बिघडल्यावरची असते. ओपन वॉटरला हवा संपली तर एक श्वास सोडत सोडत स्वतः पोहत वर यायचं शिकवतात ना, तो सराव ६ ते ९ मीटर अंतराचा असतो. ३० वरून ते जमेल या भरवशावर कुणी खाली जाऊ नये.

रेनियरच्या_पायथ्याशी:
सिएटलहून लिहितोय, मूळ नाशिकचा. इकडे थंड पाण्यात ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) घालून डाइव्ह करतो आम्ही, त्यामुळे एक घटना इथल्या सगळ्या डायव्हर्सच्या तोंडी आहे ती सांगतो, डेक्कनकरांच्या दोन्ही प्रश्नांना लागू पडते.

नोव्हेंबर २०२० मध्ये मोंटाना राज्यात ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या लेक मॅक्डॉनल्डमध्ये १८ वर्षांची एक मुलगी ॲडव्हान्स्डच्या ट्रेनिंग डाइव्हवर गेली आणि गेली ती गेलीच. तिने त्याआधी ड्रायसूट कधी वापरलेला नव्हता. सूटमध्ये हवा भरायची नळी तिच्या बाकीच्या उपकरणांना जोडलेली नव्हती, म्हणजे खाली गेल्यावर दाबाने सूट अंगाला आवळत जाणार आणि त्यात हवा सोडायची सोयच नाही. वर शिशाची वजनं खूप जास्त, आणि ती पण चटकन सोडता येतील अशा पट्ट्यात नाही तर खिशांमध्ये भरलेली. ती बुडायला लागली. सोबतचा एक डायव्हर तिच्या मागे खाली गेला, त्याने तिच्या तोंडात रेग्युलेटर द्यायचा प्रयत्न केला, वजनं सोडवायला हात घातले, ती सुटली नाहीत, आणि शेवटी त्याला वर यावं लागलं, ते पण धोकादायक वेगाने. पुढे कोर्टात दावे झाले, ट्रेनिंग एजन्सीपर्यंत सगळ्यांवर.

मला यातलं सारखं आठवतं ते त्या सोबतच्या माणसाचं. त्याने पाण्याखाली माणसाला शक्य होतं ते सगळं केलं. पण तिचा जीव ज्या गोष्टींमुळे गेला त्या सगळ्या किनाऱ्यावर उभं असताना डोळ्यांनी दिसत होत्या. नळी जोडलेली नाही. वजनं खिशात आहेत. सूट पहिल्यांदा घातलाय. बडी चेक त्यासाठीच असतो, आणि तो करताना "चल झालं, ओके ओके" असं हात फिरवून पुढे जाणारे इकडेही दिसतात. मी माझ्या बडीच्या बीसीडीत हवा भरून बघतो, सोडून बघतो, वजनं कुठल्या बाजूने सुटतात ते हाताने धरून बघतो, टाकीचा पट्टा हलवतो, मग त्याच्या दोन्ही रेग्युलेटरमधून त्याला गेजकडे बघत श्वास घ्यायला लावतो. काटा प्रत्येक श्वासाला हलत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हे वर कळतं, खाली कळलं तर उशीर झालेला असतो.

तेव्हा बायकोच्या प्रश्नाला माझं उत्तर: त्याला वर आणायची वेळ येऊ नये यासाठी जे करायचं ते सगळं तुम्हाला आत्ता येतं, ओपन वॉटरवाल्याला पूर्ण येतं. ती तुमची जबाबदारी, आणि तिच्यात सूट नाही.

ठाण्याची_डॉक्टर:
वरचं सगळं वाचलं. मी रेस्क्यू कोर्स केलेला आहे त्यामुळे "वर आणू शकशील का" याबद्दल थोडं.

शुद्ध हरपलेल्या माणसाला खोलीवरून वर आणणं हे रेस्क्यूमध्ये शिकवतात आणि इन्स्ट्रक्टरसमोर घोटून घेतात, कारण त्यात आणणाऱ्यालाच इजा व्हायची शक्यता मोठी असते. दोघांचे बीसीडी, दोघांचा वेग, त्याच्या तोंडातला रेग्युलेटर, सगळं एकाच वेळी. ओपन वॉटरवाल्याकडून ही अपेक्षा कुणी करत नाही. तुमच्याकडून अपेक्षा ही की जवळ असणं, हवा देता येणं, पायात पेटका आला तर सोडवणं, दमलेल्या माणसाला वर पाण्यावर ओढत नेणं, त्याचा बीसीडी फुगवणं, गरज पडली तर वजनं सोडून देणं आणि बोटीला हाक मारणं. जवळ असणं याला मी सगळ्यात वर ठेवते. दोन फिनच्या टप्प्यात या, दहा मीटर लांबून फोटो काढणारा बडी हा फक्त साक्षीदार असतो. आणि घाबरून हातपाय झाडणाऱ्या माणसाला समोरून मिठी मारायला जाऊ नका, तो तुमचा मास्क आणि रेग्युलेटर ओढतो. ऑक्टोपस पुढे करा, अंतर ठेवा.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. बडीची जबाबदारी बोटीत चढल्यावर संपत नाही. डिकॉम्प्रेशन सिकनेस (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) अनेकदा डाइव्हनंतर काही वेळाने कळतो, खांदा किंवा कोपर दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, न समजणारा थकवा. आणि माणूस पहिली गोष्ट काय करतो तर नाकारतो, टाकी उचलताना लचकलं असेल म्हणतो. त्याच्यासोबत जेवायला बसलेला बडीच हे ओळखू शकतो. तेव्हा रुममध्ये झोपू देऊ नका, शॉपला सांगा, ऑक्सिजन लावायला लावा. हॅवलॉकहून उपचाराला पोर्ट ब्लेअरला जावं लागतं, नौदलाच्या आयएनएचएस धन्वंतरी हॉस्पिटलमध्ये त्यासाठीचा दाबाचा चेंबर आहे, आणि मध्ये फेरीचा प्रवास आहे. संध्याकाळची शेवटची फेरी गेली की गुंतागुंत वाढते, म्हणून बघू सकाळी असं म्हणू नये. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी ठेवा, तिकीट काढतानाच.

आणि मेडिकल फॉर्म खरा भरा. दमा, बीपीच्या गोळ्या, कानाचं ऑपरेशन, सगळं. बडीला पण सांगा. सर्दी झालेली असताना गोळी घेऊन खाली जाणारे खूप आहेत, गोळीचा असर खाली उतरला की वर येताना कान किंवा सायनसमध्ये हवा अडकते. हे बडीला माहीत असेल तर तो तरी म्हणेल, आज राहू दे.

मालवणी_माणूस:
मावसभावाचं मी सांगतो, आमच्या दारातलाच विषय आहे. मालवण-तारकर्लीला किल्ल्याच्या आसपास जे स्कूबा करतात पर्यटक, ते एकदा पाण्याखालचं जग बघायला म्हणून छान आहे, आमच्या पोरांचं पोट आहे त्यावर आणि चांगली पोरं आहेत. पण त्यात पूर्ण वेळ गाइडने तुम्हाला धरलेलं असतं. हवा किती ते तो बघतो, वर-खाली तो करतो, तुमचं काम श्वास घेणं आणि फोटोला अंगठा... तो पण चुकीचा, कारण डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे "वर चल". यात बडी म्हणून काहीच शिकवलेलं नसतं, शिकवायचा तो कार्यक्रमच नाही. सर्टिफिकेट नसलेल्याला डिस्कव्हर स्कूबा करता येतं, इन्स्ट्रक्टरसोबत, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. तो भाऊ तुमच्या दोघांसोबत तिसरा म्हणून उतरूच शकत नाही, कुठल्याही धड शॉपने उतरवता कामा नये.

त्याला खरंच आवड असेल तर आधी ओपन वॉटर करू दे. आपल्या तारकर्लीला एमटीडीसीची इस्डा ही डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, खास डायव्हिंगसाठी बांधलेला खोल तलाव आहे तिथे, सुरुवातीचं शिक्षण पोहण्याच्या टाकीत नीट होतं. पावसाळ्यात आमचा समुद्र बंद, ऑक्टोबर ते मे बघा.

डेक्कनकर:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. हवेचा हिशोब मी कागदावर मांडून मित्राला दाखवला, तो बराच वेळ बघत बसला आणि मग त्याने स्वतःचा पण मांडला. ठरलं असं की पहिल्या दिवशी मी रिफ्रेशर करणार, पुढे दोन-तीन दिवस ॲडव्हान्स्ड, आणि तो तेवढ्यात त्याच्या डाइव्ह दुसऱ्या ॲडव्हान्स्ड माणसासोबत करेल. मावसभावाला वेगळं डिस्कव्हर स्कूबा. शेवटचे दोन दिवस आम्ही दोघं एकत्र.

एक राहिलंच. कोर्स झाला तरी समजा डिक्सन्सला बोटीवर बसलो, करंट बघितला आणि मला नको वाटलं, तर? त्याची डाइव्ह माझ्यामुळे वाया जाईल, त्याने एवढे पैसे भरलेले.

खारं_पाणी:
हे आत्ता पुण्यातच बोलून घ्या, बोटीवर नाही. दोघांपैकी कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो, बोटीवर, उतरताना दोरीवर, किंवा खाली पाच मिनिटं झाल्यावर. अंगठा वर केला की दुसऱ्याने का विचारायचं नाही, त्यानेही अंगठा दाखवायचा आणि दोघांनी मिळून वर यायचं. वर आल्यावर पण तोंड पाडायचं नाही. हे ज्याला मान्य नाही त्याला बडी करू नका, मग त्याच्याकडे कितीही कार्डं असोत. पैशांचं म्हणाल तर शॉपला आधी विचारून ठेवा की एक जण थांबला तर दुसऱ्याला दुसऱ्या जोडीत घेणार का, बहुतेक ठिकाणी सोय होते.

अजून तीन गोष्टी ठरवा. किती बारला परत फिरायचं, ५० नाही, ३० मीटरच्या डाइव्हला मी १०० ला तळ सोडायला सांगतो. एकमेकांना दर किती वेळाने हवा विचारायची, खोल असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी, बोटांनी आकडा दाखवून, नुसतं ओके नाही. आणि चुकामूक झाली तर एक मिनिट आजूबाजूला बघायचं, वर बुडबुडे दिसतात का बघायचं, नाही दिसले तर नीट वेगाने वर यायचं आणि पाण्यावर भेटायचं. दोघांनी हेच केलं पाहिजे, एक वर आणि एक खाली शोधतोय असं झालं की गोंधळ.

जॉनीज गॉर्जला करंट जोरात असतो, तो पहिल्या दिवशी नको. आधी डिक्सन्स, तोही करंट कमी असेल तेव्हा. द वॉलचा पण विचार करा, तो नऊ-दहा मीटरवर सुरू होऊन खाली पन्नासच्या पुढे जातो, त्यामुळे २० ला राहूनही भरपूर दिसतं, फक्त तळ नाही म्हणून बॉयन्सी पक्की हवी आणि नजर सारखी कॉम्प्युटरवर. विमा काढणार असाल तर पॉलिसीत सर्टिफिकेटच्या मर्यादेबाहेरच्या डाइव्हबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

डेक्कनकर:
मित्राला लिंक पाठवली. १०० बार मान्य, अंगठा मान्य. त्याने उत्तरात विचारलंय की रेस्क्यू कोर्स पुण्या-मुंबईच्या जवळ कुठे होतो, कुणाला माहिती असेल तर सांगा.

ठाण्याची_डॉक्टर:
थिअरी आणि पूल सेशन मुंबई-पुण्याकडे होतात, समुद्रातला भाग गोवा किंवा नेत्राणीला. त्याआधी सीपीआर आणि फर्स्ट एडचं ट्रेनिंग लागतं, ते आत्ताच करून घ्या दोघांनी, त्याला समुद्र लागत नाही.